खाकीचा तुकडा

आधी नाक, मग माणूस, हा आमच्या खात्याचा नियम. मुक्ताबाई शेडगे घरात डोकं फुटून पडली आहे असा निरोप आला आणि मी धामणखेडच्या वरच्या आळीला पोचले, तेव्हा दवाखान्याच्या माणसांनी तिला नुकतंच उचलून नेलं होतं. मी उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून नाक आत जमिनीवर ठेवलं आणि अंगणात लिंबाखाली येऊन बसले. आत पाऊल टाकायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. शेजारणी कुंपणापाशी जमल्या होत्या, प्रत्येकीला काही ना काही सांगायचं होतं, आणि ते ऐकून घ्यायची मला परवानगी नव्हती.

नाक म्हणजे काय हे आता शाळेतली पोरंही सांगतील, तरी सांगते. माणूस नुसता गप्प बसला तरी त्याच्या अंगावरून कातडीचे बारीक कण झडत असतात. तो बोलला, खोकला, शिंकला की आणखी उडतात. हे कण खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगतात, आणि त्यातल्या डीएनएवरून ते कुणाचे हे ओळखता येतं. पूर्वी त्यासाठी रक्ताचा डाग किंवा केस हाती लागावा लागे आणि प्रयोगशाळेत आठवडे जात. मग हवा ओढून तिच्यातले कण चाळणारं आणि जागच्या जागी वाचणारं यंत्र निघालं. सरकारी नाव वायुवेध. दुधाच्या बरणीएवढा डबा आणि पुढे दोन भोकं, म्हणून लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाक केलं.

प्रत्येकाची जनुकांची नोंद सरकारदरबारी असतेच. त्यामुळे बंद खोलीत दिवसभरात कोण येऊन गेलं, ते नाक बिनचूक सांगतं. आधीचे कण ते मोजत नाही. कण जसा जुना होतो तसा सुकत जातो, आणि तो किती सुकलाय यावरून नाक त्याचं वय ठरवतं. सुकलेले टाकून देतं, ताजे ठेवतं. सगळी भिस्त या एका गोष्टीवर आहे हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि परीक्षा संपल्यावर मी ते विसरून गेले होते.

नाक आल्यापासून पोलिसाचं काम पार बदललं. माझे आजोबा गावचे पोलीस पाटील. त्यांच्या कमरेला साधा दंडुकाही नसायचा, पण भावाभावांचं भांडण त्यांच्या ओट्यावर येऊन मिटायचं. माझे वडील दिनकर धायगुडे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, धामणखेड ठाण्यात हवालदार होते. त्यांच्या बुटांचा आवाज आला की चौकातली टोळकी पांगायची. आणि मी निकिता धायगुडे, हुद्दा पोच अंमलदार. नाक जे सांगतं त्याचा कागद होतो आणि तो कागद मी माणसाच्या हातात पोचवते. पोस्टमननं तरी काय वेगळं केलं असतं!

पण मला या बदलाचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. विचारपूस बंद झाली ती उगाच नाही. विचारपूस म्हणजे काय असायची ते आबांच्या पिढीला माहीत होतं आणि भिंतींनाही. मारून वदवून घेतलेल्या जबान्यांवर किती निरपराध माणसं आत गेली हे बाहेर आलं, तेव्हा कायदाच झाला: पोलिसानं प्रश्न विचारायचा नाही. हवा सांगेल तेवढंच खरं. आमच्या ठाण्याच्या कोठडीत आता नाकाच्या जुन्या जाळ्या ठेवतात, आणि मी नोकरीला लागल्यापासून त्या इमारतीत कुणी कुणाला चापट मारलेली नाही. ही काही लहानसहान गोष्ट नाही.

मुक्ताबाईच्या घरातून नाक काढलं आणि ठाण्यात कागद छापून घेतला. त्यावर पहिलं नाव मुक्ताबाईचं. दुसरं तिला पडलेली पाहणाऱ्या शेजारणीचं. उचलायला आलेल्या दवाखान्याच्या माणसांची नावं नाक आपोआप गाळतं. तिसरं तिचा पुतण्या विराज शेडगे याचं.

तिसरं नाव वाचून ठाण्यात कुणाला नवल वाटलं नाही. मुक्ताबाईच्या आणि विराजच्या घरामध्ये एक चिंचेचं झाड आहे. ते कुणाच्या हद्दीत यावरून त्यांचं वर्षापूर्वी कडाक्याचं वाजलं होतं. विराजनं भर चौकात "म्हातारीला बघून घेतो" असं म्हटल्याची तक्रार नोंदलेली होती. कायद्याला दोनच गोष्टी लागतात, हजेरी आणि कारण. दोन्ही कागदावर होत्या. मुक्ताबाई जिल्ह्याच्या दवाखान्यात होती, जिवाला धोका नव्हता, पण डोक्याच्या माराने तिची वाचा गेली होती आणि ती कधी येईल हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

कागद घेऊन मी विराजकडे गेले. तो दारात सौरपंपाचा पत्रा खोलून बसला होता. कागद वाचून त्यानं पाना खाली ठेवला.

"ताई, ह्यो कागद चुकीचा हाय."

"तुमचं म्हणणं कोर्टात मांडा." हे वाक्य आम्हाला पाठ असतं.

"अवो, मी त्या घराचा उंबरा वरीसभर चढलो न्हाई. चढणार न्हाई म्हणून मारुतीच्या पारावर शपथ घेतलीया. समद्या गावाला ठावं हाय. इचारा की कुणालाबी!"

"मला विचारता येत नाही."

त्यानं पाना पेटीत टाकला. मग हात पुसत उठला आणि म्हणाला, "चला तर मग. पर एक करा. माझी बायको म्हायेरी गेलीया, पयलं बाळातपण हाय. दीस भरत आल्यात. तिला लगीच कळवू नगा."

तो गाडीत मुकाट्यानं बसला. आबांच्या वेळी असा माणूस शांतपणे गाडीत बसायचा नाही, पण नाकाशी हुज्जत घालून उपयोग नाही हे आता सगळ्यांना कळून चुकलंय. सोमवारी निवाडा व्हायचा होता. हवेचा कागद आला की निवाड्याला तासही लागत नाही, आणि अशा गुन्ह्याला सात वर्षं ठरलेली असतात.

ठाण्यात परत येऊन मी कागद फाईलला लावत होते, तेव्हा तळाशी बारीक अक्षरातली एक ओळ दिसली. "वगळलेली जुळणी: बंद नोंद." माणूस मेला की त्याची नोंद बंद होते, आणि बंद नोंदीशी जुळणी झाली तर नाक ती आपोआप सोडून देतं. यंत्राची गफलत म्हणून तिकडे कुणी बघतही नाही. मी सहज त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पडद्यावर नाव उघडलं.

धायगुडे दिनकर विठोबा.

आबांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

आमचे फौजदार कुलदीप ढवळे माझ्याहून वयानं लहान, पण समजूतदार माणूस. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"निकिताताई, सोपं आहे. तुमची निम्मी जनुकं आबांची. तुम्ही तिथे होता. नाक गोंधळलं."

"साहेब, मी आत गेलेच नाही. आधी नाक, मग माणूस."

"दारातून हात घातलात ना?"

"हातमोजा होता. आणि आपल्या वर्दीतून कण झडत नाहीत, त्यासाठीच तर हे प्लास्टिक अंगावर वागवतो."

हे खरं आहे. आमची वर्दी आता करड्या निळ्या रंगाची असते आणि तिच्या धाग्याला बारीक लेप असतो. आमचा घाम, आमची कातडी हवेत मिसळून तपासात घोळ होऊ नये म्हणून. उन्हाळ्यात ती घातली की आतून माणूस शिजतो. ढवळे साहेबांनी कागद परत फाईलला लावला. कागद तसाच राहिला.

घरी आले तेव्हा आई अंगणात लसूण सोलत बसली होती. आईचं नाव मालन. आबा गेल्यापासून ती कमी बोलते, पण बोलली की मुद्द्याचं बोलते. मी पाय धुऊन तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "आई, आबांचं काही मुक्ताबाईच्या घरी आहे का गं?"

"व्हय, वर्दी हाय की. म्या दिली." तिनं मान वर न करता सांगितलं. "औंदा संक्रांतीला मागाय आलती. गोधडीसाठी."

"आबांची वर्दी गोधडीत?"

"तुला ठावं न्हाई? पयल्या बाळाच्या गोधडीला मुक्ताबाई एका कोपऱ्याला खाकीचा तुकडा लावती. पोलिसाची खाकी असली की पोर झोपंत दचकत न्हाई म्हंती." आई जराशी हसली. "तुज्या आबांना बघून अख्खं गाव दचकायचं, आन् त्यांच्या कापडानं पोरं निवांत झोपत्यात."

"ती वर्दी धुतलेली होती?"

आईचा हात थांबला. "न्हाई. शेवटची घातलेली तशीच पेटीत ठिवलती. धुवाय काढायची आन् परत ठिवायची. पाच वर्सं असंच चाललं." मग ती म्हणाली, "आन् मुक्ताबाईला तशीच लागती. पयल्या बाळाच्या गोधडीचं कापड धुत न्हाईत. बापाचा सदरा, आयचं लुगडं, समदं अंगावरनं काढलेलं. अंगाचा वास ऱ्हायला पायजे. बाळ वळखीच्या वासात झोपतं."

मी उठून उभी राहिले. आबा त्या खोलीत खरोखरच होते. त्यांच्या कापडातून झडून हवेत तरंगत होते. आणि मेलेला माणूस कापडातून त्या घरात येऊ शकतो, तर जिवंत माणूसही येऊ शकतो. विराजचं पहिलं बाळ येणार होतं, आणि पंचक्रोशीत गोधडी शिवणारी मुक्ताबाई एकटीच.

दुसऱ्या दिवशी विराजच्या बायकोकडे गेले. नवऱ्याला अटक झाल्याची पोच माहेरी द्यायचीच होती, तेवढं निमित्त मला पुरलं. प्रतीक्षा नाव तिचं. अटकेची बातमी तिला गावातून आधीच कळली होती. डोळे सुजलेले, पोटावर हात, पायरीवर बसून होती. तिच्या हातात कागद दिला आणि खरं तर मी तिथून निघायला हवं होतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता. तोंड उघडायलाच जड गेलं.

"प्रतीक्षा, तू मुक्ताबाईला विराजचे कपडे दिले होतेस का?"

ती घाबरली. "तुमाला कुनी सांगितलं? त्यांना कळू देऊ नका, ताई. त्यांनी शपथ घेतलीया, काकींच्या घराचा उंबरा चढणार न्हाई म्हणून. पर बाळाला गोधडी नको व्हय? मी इकडं यायच्या आदी त्यांचं दोन सदरं आन् माझी एक साडी गुपचूप काकींकडं टाकली. न धुतलेलं. काकींनी बी काय न बोलता घेतलं. म्हनल्या, भांडन माझं आन् त्याचं हाय, बाळाचं काय त्यात."

"हे तू कुणाला का सांगितलं नाहीस?"

"कापडाचा काय संबंद ताई? नाकानं त्यांनाच पकडलंय की." आणि मग ती म्हणाली, "आन् इचारलं कुनी?"

एकच गोष्ट उरली होती. प्रतीक्षानं कपडे दिले त्याला महिना झाला होता, आबांच्या वर्दीला तर पाच वर्षं. सुकलेले कण नाक टाकून देतं, मग हे ताजे कसे ठरले? त्याचं उत्तरही प्रतीक्षाकडेच होतं. मुक्ताबाई शिवायला बसण्याआधी कापडांवर पाणी शिंपडते, चुण्या जाव्यात म्हणून, आणि ओलसर असतानाच झटकते. सुकलेला कण पाण्यानं पुन्हा फुगतो. नाक त्याला ताजा समजतं. एवढं मोठं यंत्र बनवणाऱ्यांच्या डोक्यात हे आलं नाही, कारण त्यांच्यापैकी कुणाच्या आईनं बहुधा गोधडी शिवली नसावी.

मी ढवळे साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कागदावरच्या "बंद नोंद" या शब्दांखाली पेननं रेघ ओढली.

"तुम्ही प्रश्न विचारलात."

"विचारला."

"ते मी ऐकलं नाही असं समजू." त्यांनी पेन ठेवलं. "कापडांची फेरतपासणी मागता येईल. पण प्रतीक्षाचं म्हणणं कायद्यात चालणार नाही, ती बायको आहे आणि ते विचारून मिळालंय. आपल्याकडे पुरावा एकच, की त्या हवेत एक मेलेला माणूस सापडला. तो गफलतीनं नाही तर खरोखर सापडला, हे सिद्ध करायला आबांची नोंद पुन्हा उघडावी लागेल. वारसाच्या सहीनं."

"आई सही करील."

"ताई, ऐका." ते खाली बघून बोलत होते. "नोंद उघडली की ती सगळ्या जुन्या मुद्देमालाशी आपोआप पडताळली जाते. गेल्या वर्षी आपण ठाण्यातला जुना माल, कणांच्या वयाची अट काढून, नाकातून काढला. त्यात लहू खिलारेचा शर्ट आहे. त्याच्यावर एका माणसाचे कण आहेत, जे आजवर चालू नोंदींत कुणाशी जुळले नाहीत."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. मी शाळेत असताना लहू खिलारे नावाचा वीटभट्टीवरचा माणूस धामणखेडच्या कोठडीत मेला होता. पंपाची मोटर चोरल्याचा संशय होता. चौकशी झाली, कागद झाले, ठपका कुणावरच आला नाही. त्या दिवशी ड्यूटीवर चौघे होते आणि त्यातले एक आबा होते. घरात हा विषय कधी निघाला नाही. वर्गात मात्र एकदा निघाला होता, आणि मी त्या मुलीच्या वेण्या ओढल्या होत्या.

घरी जाताना वाटेत मी मनाशी दहा वाक्यं जुळवली. आईसमोर बसल्यावर एकही आठवेना. शेवटी जसं होतं तसं सांगितलं. विराजला सोडवायचं तर आबांची नोंद उघडावी लागेल, आणि उघडली तर लहूचा शर्ट बोलेल.

आईनं ऐकून घेतलं. मग उठून चुलीवरचं दूध बघून आली, जणू तेवढंच काम होतं.

"त्या दिसानंतर तुजं आबा लई दीस चमच्यानं जेवायचं," ती म्हणाली. "तुला आठवतंय?"

मला आठवत होतं. हाताला लागलंय असं ते सांगायचे. हाताला पट्टी कधीच नव्हती.

"म्या कवा इचारलं न्हाई. इचारलं आस्तं तर त्यांनी सांगितलं आस्तं. सांगितलं आस्तं तर मला ऐकाय लागलं आस्तं." तिनं पदरानं हात पुसले. "माणूस चांगला हुता गं. माझ्यासाटी, तुज्यासाटी लई चांगला हुता. पर मेलेल्याची अब्रू राखाय जित्या माणसाला कोंडायचं, आन् त्या पोरीनं एकटीनं बाळात व्हायचं, ह्ये मला जमायचं न्हाई. त्यांना बी जमलं नसतं, असं मी समजते. कुटं करायची सही?"

मी कागद पुढे केला. आईनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. मग ती आत गेली, आणि तिच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा मला तिच्यामागे आत जायचा धीर झाला नाही. मीही बाहेर बसून रडले.

फेरतपासणीत सगळं निघालं. मुक्ताबाईच्या खोलीतलं गाठोडं सोडलं, त्यात विराजचे सदरे होते, प्रतीक्षाची अजून पाणी न लागलेली, घडीही न मोडलेली साडी होती, आणि कोपऱ्यासाठी कापून ठेवलेला खाकीचा चौकोन होता. प्रयोगशाळेनं तुकड्यांवर पाणी शिंपडलं, बंद खोलीत झटकले, आणि नाकानं छातीठोकपणे सांगितलं की विराज शेडगे आणि दिनकर धायगुडे आत्ताच इथून गेलेत. विराज सुटला. मुक्ताबाई पंधरवड्यानं बोलायला लागली, तेव्हा तिनं पहिलं सांगितलं की गोधडीची कापडं झटकून गाठोडं फळीवर ठेवायला ती स्टुलावर चढली होती आणि स्टूल एका पायानं लंगडं होतं. विराज तिला दवाखान्यातून घरी घेऊन आला. उंबऱ्यापाशी तो थांबला, शपथेची आठवण होऊन. मुक्ताबाई म्हणाली, "मारुतीला मी सांगते. मला आत घे आदी, पाय दुखाय लागलं." आणि तो आत गेला.

दुसरा कागदही आला. लहू खिलारेच्या शर्टाच्या गळ्यावर आणि पाठीवर आबांचे कण होते. कागदावर एवढंच लिहिलं होतं: "उपस्थिती निश्चित." मेलेल्यावर खटला चालत नाही, त्यामुळे पुढे काही व्हायचं नव्हतं. फक्त लहूच्या बायकोला पोच द्यायची होती. ढवळे साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवतो. मी नको म्हटलं.

मी रविवारी गेले, सुटीच्या दिवशी. वर्दी घातली नाही. वर्दीत पोच देता येते, विचारता येत नाही. अंगात घरातला साधा सुती कुडता होता. कलावती खिलारे गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी एकटी राहते. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी नाव सांगितलं. बापाचंही सांगितलं. तिनं कागद घेतला, उलटसुलट केला आणि मला परत दिला.

"मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय?"

"माझे आबा तिथे होते, एवढं लिहिलंय."

"ते मला ठावं हाय."

ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी तिच्यासमोर मातीत बसले. ऊन चढलं होतं, कुडता पाठीला चिकटला होता.

"मावशी, त्या दिवशी काय झालं?"

कलावतीचे हात थांबले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच.

"मी भाकरी घिऊन गेलते. आत सोडंनात म्हणून खिडकीशी हुबी ऱ्हायले. तुजा बाप मारत हुता. पट्ट्यानं. बाकीचं बी मारत हुते, पर तुजा बाप जास्त. मी वराडले तर एकानं खिडकी लावली. मंग सांच्याला लहू पडला. बाकीचं समदं मागं सरकलं. तुज्या बापानंच त्येला खांद्यावर टाकला. जीप चालू हुईना, तर तसाच रस्त्यानं पळत सुटला दवाखान्याकडं. मी मागनं पळत हुते. तो रडत हुता आन् लहूला म्हनत हुता, डोळं उघड, डोळं उघड रं. लहू वाटंतच गेला."

मी हातातला कागद घडी घालून मातीवर ठेवला.

"मारलेलं बी त्येनंच आन् उचाललेलं बी त्येनंच," कलावती म्हणाली. "मी त्येला माफ केलेलं न्हाई. करनार बी न्हाई. तुजं ते यंत्र खरं बोलतंय, पर लई थोडं बोलतंय."

"हे तुम्ही चौकशीत सांगितलं नाहीत?"

"चौकशीला सायेब आलं, वकील आलं. समद्यांनी माजा अंगठा घेतला. मी काय बघितलं ते इचाराय इतक्या वर्सात तूच पयली आलीस." तिनं तुरीचं सूप माझ्याकडे सरकवलं. "बस. अर्दं ऐकून जाऊ नगं. लहू कसा हुता ते बी सांगते."

मी बसले. शेंगा सोलत तिनं लहूबद्दल सांगितलं, त्याच्या भट्टीबद्दल, त्याच्या शिट्टी वाजवण्याबद्दल, मोटर चोरणारा पुढे दुसराच निघाला त्याबद्दल. संध्याकाळी मी ते सगळं लिहून काढलं, तिला वाचून दाखवलं, आणि सोमवारी ढवळे साहेबांच्या टेबलावर ठेवलं. नियमाप्रमाणे त्यांनी तो कागद फाडायला हवा होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि लहूच्या शर्टाच्या फाईलला जोडला. आदल्या रात्री आईलाही मी तो वाचून दाखवला होता. ऐकून झाल्यावर तिनं आबांचा भिंतीवरचा फोटो काढला नाही, पण त्या दिवशी त्याला हारही घातला नाही.

प्रतीक्षाला मुलगी झाली. गाठोडं कोर्टातून परत आलं, आणि मुक्ताबाईनं मला निरोप पाठवला. गेले तर ती गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. सगळी शिवून झाली होती, फक्त एक कोपरा रिकामा होता. खाकीचा तुकडा आणि उरलेली वर्दी, दोन्ही तपासणीत संपलं होतं.

"तुज्या बाची आणखी वर्दी हाय का गं?"

"नाही, काकी. आणि असती तरी दिली नसती."

तिनं का असं विचारलं नाही. गावात कलावतीचं बोलणं पोचलं होतं. "मंग तुजी दे."

मी पिशवीतून माझी जुनी वर्दी काढली. मुक्ताबाईनं ती हातात घेतली, चुरगाळली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"कसलं गं ह्ये कापड? ह्येला माणसाचा वासच न्हाई."

"तो येऊ नये म्हणूनच बनवलंय."

"मंग ठिव तुज्याजवळ." तिनं वर्दी बाजूला सारली.

मी घरी गेले आणि दोरीला अडकवलेला सुती कुडता घेऊन आले. कलावतीकडे गेले होते तो. त्या दिवसापासून तो धुवायचा राहिला होता. काखेत घामाचे डाग होते, मागे मातीचे, आणि बाहीला तुरीचा हिरवा डाग पडला होता. मुक्ताबाईनं तो उलगडून पाहिला, नाकाला लावला, आणि कात्री उचलली. मग थांबून माझ्याकडे बघितलं.

"पर ह्ये घरातलं कापड हाय. कोपऱ्याला पोलिसाचंच लागतं."

"पोलिसाचंच आहे, काकी," मी म्हणाले. "कापा."